‘लॉग काढ’ : बुधवार रात्र ते गुरुवार रात्र

पालेगावातल्या आमच्या गॅलरीतून रात्री एकीकडे नव्या टॉवरांचे दिवे दिसतात आणि दुसरीकडे आनंदनगर एमआयडीसीतल्या शेडचे. त्यातल्या अकरा कंपन्यांचे सर्व्हर मी सांभाळते. वार्षिक करार, ठरलेल्या फेऱ्या आणि मधल्या काळात फोन. आमच्या भागात अशा कामाला ‘कॉम्प्युटरवाल्या ताई’ एवढंच नाव आहे, आणि मला ते आवडतं.

पुढची हकीकत त्या अकरांपैकी एका कारखान्यातली आहे. व्हॉल्व्हचे भाग बनवतात, सत्तरेक माणसं कामाला. कारखान्याचं नाव लिहीत नाही. चुकीतला मोठा वाटा माझाच होता. मार्च संपायला तीन दिवस राहिले होते. शुक्रवारी कंपनीला सुट्टी, म्हणजे गुरुवारी जेवढा माल गेटबाहेर पडेल तेवढा खरा.

आधी सर्व्हरबद्दल. सात-आठ वर्षांपूर्वी कुणीतरी तो मांडताना डिस्कचे दोन भाग केले. सी ड्राइव्हला ८० जीबी, उरलेले सुमारे ८५० जीबी डी ड्राइव्हला. तेव्हा हिशेब बरोबर वाटला असणार. विंडोज सर्व्हर २०१६ ला मायक्रोसॉफ्टच्या कागदावर किमान ३२ जीबी लागतात, त्याच्या अडीच पट दिले, अजून काय हवं? मग बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या मुलाने सगळीकडे ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबलं आणि कंपनीचा अख्खा डेटाबेससुद्धा सी ड्राइव्हवरच बसला. डी रिकामा राहिला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं दाटीवाटीने झोपावीत आणि भिंतीपलीकडचं गोदाम मोकळं पडावं, तसं.

बुधवार, रात्री १०. मोकळी जागा ३.४ जीबी

दुसरी पाळी सुटली. अकाउंट्सच्या केबिनमागे प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेल्या खोलीत सर्व्हर एकटा चालू आहे. खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकवाचं बोट अजून त्याच्या पत्र्यावर आहे.

आत काय चाललंय ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी नक्की कळलं, पण इथेच सांगते. विंडोज आपल्या अपडेटची रोजनिशी ठेवतं. तिला सीबीएस लॉग म्हणतात. ती फार वाढली की तिची घडी घालून, दाबून, लहान गठ्ठा करून ठेवायची अशी रीत आहे. पण गठ्ठा बांधणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला २ जीबीपेक्षा मोठी फाइल पेलत नाही. आमच्या सर्व्हरवर ती रोजनिशी शनिवारी रात्री अपडेटच्या वेळी २ जीबी ओलांडून गेली. तेव्हापासून तो प्रोग्रॅम इमानेइतबारे दर वीस मिनिटांनी गठ्ठा बांधायला घेत होता, शंभरेक एमबीचा अर्धवट तुकडा टेम्प फोल्डरात टाकत होता, हरत होता आणि वीस मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता. जुने तुकडे कुणी उचलत नव्हतं. तासाला ३०० एमबी, दिवसाला सात जीबीहून थोडं जास्त.

शनिवारी दुपारी मी स्वतः पाहिलं होतं. ३२ जीबी मोकळे. वहीत ‘ठीक’ लिहून घरी आले. ते ‘ठीक’ खरं होतं. फक्त ते शनिवारचं होतं, आणि मी पुढच्या शनिवारपर्यंत त्याच्यावर विसंबून राहिले.

मशीनने सांगितलं नाही असंही नाही. मोकळी जागा दहा टक्क्यांखाली गेली की विंडोज आपल्या नोंदवहीत २०१३ क्रमांकाची नोंद टाकतं : डिस्क भरत आली आहे. ती नोंद बुधवारी सकाळीच पडली होती आणि तिची ईमेलसुद्धा गेली. गेली ती दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या पत्त्यावर. बदलापुरात उल्हास नदीला दोन पातळ्या ठरवून दिल्या आहेत, १६.५० मीटरला इशारा आणि १७.५० ला धोका. पावसाळ्यात मध्यरात्रीसुद्धा कुणीतरी ते आकडे बघतं आणि खालच्या वस्त्यांत निरोप जातो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस ज्यांनी पाहिली, त्यांना त्या एका मीटरची किंमत सांगावी लागत नाही. आमच्या सी ड्राइव्हलाही इशाऱ्याची रेघ होती. बघणारं माणूस नव्हतं.

रात्री २. मोकळी जागा २.२ जीबी

रोजच्या बॅकअपची वेळ. डेटाबेस १४ जीबीचा. बॅकअप आधी सी ड्राइव्हवर तयार होतो आणि मग डीवर हलतो, अशी मांडणी कुणीतरी करून ठेवलेली. १४ जीबीला २.२ जीबी कुठून पुरणार? बॅकअप फसला. आदल्या रात्रीही ९.४ जीबी मोकळे असताना तो असाच फसला होता. म्हणजे शेवटचा धड बॅकअप मंगळवारी पहाटे दोनचा. त्यानंतर दोन पूर्ण दिवसांचं, तेही मार्चअखेरचं काम झालेलं, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

इथे आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डेटाबेसच्या दोन फाइल असतात. एक माहितीची. दुसरी ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे प्रत्येक व्यवहार पक्का होण्याआधी जिथे टिपला जातो ती. दुकानात गल्ल्यावर कच्ची वही असते ना, तशी. खातेवहीत रात्री उतरवतात, पण दिवसभराचा जीव कच्च्या वहीत असतो. आमच्या डेटाबेसची जशी मांडणी होती, तिच्यात या लॉगचा वेगळा बॅकअप घेतला तरच त्यातली वापरलेली पानं पुन्हा लिहायला मोकळी होतात. रोजचा पूर्ण बॅकअप कितीही नीट झाला तरी लॉग रिकामा होत नाही. हे अनेकांना माहीत नसतं. आमच्याकडे लॉगचा बॅकअप कधी लावलेलाच नव्हता. तो फुगत फुगत ६ जीबीचा झाला होता.

पहाटे ४ : १.६ जीबी. सकाळी ६ : १ जीबी

मी ६.५२ ची लोकल पकडली. घाटकोपरला दुसरं काम होतं.

सकाळी ७.२०. मोकळी जागा ६०० एमबी

खरा घात या क्षणी झाला, आणि तो कुणालाही दिसला नाही.

लॉग भरला की तो स्वतःला वाढवतो, एका वेळी दहा टक्के. ६ जीबीचे दहा टक्के म्हणजे ६०० एमबी, आणि ते एकदम, पूर्ण हवेत. ५९९ चालत नाहीत. ७.२० नंतर डिस्कवर जागा दिसत होती, पण लॉगच्या दृष्टीने ती संपली होती. आतली शेवटची काही पानं तेवढी उरली होती. त्यांच्यावर पहिल्या पाळीच्या नोंदी होत राहिल्या. कच्चा माल आला, सात छप्पन्नची गाडी गेली, बिलं झाली.

सकाळी ८.१०. मोकळी जागा ३५० एमबी

डिस्पॅचच्या टेबलावर बिल सेव्ह होईना. पडद्यावर लाल चौकोन : ट्रान्झॅक्शन लॉग भरला आहे. एसक्यूएल सर्व्हरच्या भाषेत त्रुटी क्रमांक ९००२. माहिती वाचता येते, नवं अक्षर लिहिता येत नाही.

हल्ली बिल झालं नाही तर मालही जात नाही. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. सरकारी पोर्टलवरून बिलाला आयआरएन क्रमांक मिळणार, त्यावरून ई-वे बिल निघणार, मग ड्रायव्हरच्या हातात कागद, मग गेट. पूर्वी हाताने चलन फाडून गाडी काढता यायची आणि बिल संध्याकाळी व्हायचं. आता सी ड्राइव्हवरची जागा आणि गेटबाहेरचा ट्रक एकाच दोरीला बांधलेत. गेटवर तेव्हा चार गाड्या उभ्या होत्या. दहा वाजेपर्यंत नऊ झाल्या.

सकाळी ८.२५

मला तीन फोन आले. मी घाटकोपरच्या सर्व्हर रूममध्ये होते. फोन बॅगेत, बॅग बाहेर.

सकाळी ८.५०

हिशेब बघणाऱ्या काकांनी आणि स्टोअरमधल्या मुलाने सगळ्यांना माहीत असलेला उपाय केला : सर्व्हर रीस्टार्ट. मी त्यांच्या जागी असते तर दहा वर्षांपूर्वी मीही तेच केलं असतं. पण भरलेल्या डिस्कचं मशीन बंद केलं की ते तसंच वर येईल याची खात्री नसते. डेटाबेसची सर्व्हिस सुरू होताना टेम्पडीबी नावाचं आपलं कच्चं टेबल दरवेळी नव्याने मांडते. मांडायला जागा नव्हती, म्हणून सर्व्हिस सुरूच झाली नाही. या वेळी नोंदवहीत जो संदेश पडतो त्याचा आशय असा : जागा अपुरी आहे, या ड्राइव्हवरच्या इतर फाइल काढा आणि पुन्हा सुरू करा.

काढा. मशीनही तेच म्हणालं.

आणि सर्व्हिस बंद असण्याचा एक परिणाम होता, जो तेव्हा त्या खोलीत कुणाच्याच ध्यानात येणं शक्य नव्हतं. सर्व्हिस चालू असताना डेटाबेसच्या फाइलींना कुलूप असतं. कुणी काढायला गेलं तरी विंडोज नकार देतं. आता ते कुलूप उघडं होतं.

सकाळी ९.२०. मोकळी जागा शून्य

शब्दशः शून्य बाइट. मुंगी शिरायला जागा नाही.

सकाळी ९.५२

फोन बघितल्याबरोबर मी हातातलं सोडून निघाले होते. गाडी ठाण्याहून सुटली आणि मी दाराशी उभी राहून फोन लावला. स्टोअरमधल्या मुलाने उचलला. पोरगा हुशार आहे. बारावीनंतर शिकता आलं नाही, पण कारखान्यात कुणाचा प्रिंटर अडला तरी हाक त्यालाच. मी येईपर्यंत काहीतरी करून ठेवावं म्हणून तो त्या खुर्चीत बसला होता.

“ताई, सी ड्राइव्ह लाल झालाय. झिरो बाइट दाखवतोय.”

“बरं. घाबरू नको. विंडोजमध्ये जा. आत लॉग्ज म्हणून फोल्डर असेल, त्यात सीबीएस…”

इथे कळवा गेलं. बाजूने दुसरी गाडी धडधडत गेली. मी ओरडत होते.

“…लॉग फाइल… खूप मोठी झाली असेल… ती काढ, जागा होईल.”

“काढू ना ताई?”

“हो, काढ.”

फोन तुटला. पुन्हा लागला तेव्हा दिवा गेलं होतं आणि तो उचलत नव्हता, कारण तो कामाला लागला होता.

त्याच्यापर्यंत पोचलं ते एवढंच : लॉग फाइल मोठी असेल, ती काढ. त्याने सी ड्राइव्हवर ‘लॉग’ शोधलं आणि मोठी फाइल वर येईल अशा क्रमाने लावलं. दुसऱ्या नंबरवर सीबीएस लॉग होता, २ जीबीच्या थोडा पुढे. पहिल्या नंबरवर ६ जीबीची फाइल. कंपनीचंच नाव आणि शेवटी लॉग.

मी ही यादी नंतर त्याच्याबरोबर बसून पाहिली आहे. त्याच्या जागी बसलेलं कुठलंही समजूतदार माणूस पहिल्या नंबरवरच बोट ठेवेल. ताईंनी मोठी म्हटलं होतं. ही सगळ्यात मोठी होती.

मला छळतो तो शब्द. काढ. आपल्याकडे दात काढतात, विहिरीतून पाणी काढतात, कपाटातून साडी काढतात, चित्र काढतात, वेळ काढतात. फाइल काढ म्हटल्यावर ती बाहेर काढायची, उघडून बघायची की नाहीशी करायची, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. भिंतीपलीकडे ८५० जीबी मोकळे होते. मी ‘डीवर हलव’ म्हटलं असतं तर त्याने चुकीची फाइल उचलली असती तरी ती डीवर सुखरूप राहिली असती आणि मी येऊन दोन मिनिटांत परत जागेवर ठेवली असती.

सकाळी १०.०४

फाइल रिसायकल बिनमध्ये मावली नाही. कायमची काढू का, असं विंडोजने विचारलं. त्याने ‘हो’ दाबलं. सी ड्राइव्हची लाल पट्टी निळी झाली. ६ जीबी मोकळे. काकांनी त्याची पाठ थोपटली, असं काकांनीच मला सांगितलं.

सकाळी १०.२०

पुन्हा रीस्टार्ट. या वेळी सर्व्हिस सुरू झाली, कारण जागा होती. पण डेटाबेस उघडेना. त्याची अवस्था ‘रिकव्हरी पेंडिंग’ : खातेवही आहे, कच्ची वही सापडत नाही, दोन्ही पडताळल्याशिवाय दुकान उघडणार नाही.

आणि टेम्प फोल्डरात तो बिचारा गठ्ठा बांधणारा प्रोग्रॅम पुन्हा जागा झाला होता. दर वीस मिनिटांनी शंभर एमबी, आता पुसलेल्या फाइलने मोकळ्या केलेल्या जागेवर. पुसलेली फाइल परत मिळवायची सॉफ्टवेअरं असतात, मीही नंतर चालवून पाहिलं. पण जी जागा वाचवायला हवी होती तिच्यावर तासभर कचरा लिहिला जात होता.

सकाळी ११.२५

अंबरनाथ पूर्वेला उतरून शेअर रिक्षासाठी थांबले नाही, स्पेशल केली. गेटवर नऊ गाड्या, ड्रायव्हर सावलीला बसलेले. आत गेल्यावर मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, काढली. तरी होत नाहीये.” कुठली काढली, हे विचारल्यावर त्याने नाव सांगितलं. मी खाली बसले.

त्याला मी रागावले नाही, हे स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नाही. रागवायला जागाच नव्हती. “मी सांगितलं तेच तू केलंस,” एवढं मी सगळ्यांसमोर म्हटलं, कारण पाठ थोपटणारे हात दहा मिनिटांत बोट दाखवायला लागतात.

आधी डेटाबेसची सर्व्हिस बंद केली. उरलेली १४ जीबीची माहितीची फाइल डीवर उतरवून घेतली आणि तिची आणखी एक प्रत माझ्या डिस्कवर. त्याच्याआधी कशालाच हात लावला नाही. मग अपडेटची सर्व्हिस थांबवून सीबीएस लॉग बाजूला हलवला आणि टेम्प फोल्डर उघडला. एकाखाली एक, कॅब या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली. मोजल्या तर तीनशेच्या पुढे. ते निव्वळ अर्धवट तुकडे होते. ते मात्र खरंच पुसले. सी ड्राइव्हवर तीस जीबीहून जास्त जागा झाली. काका मागे उभे होते. “म्हणजे सकाळी एवढंच करायचं होतं?” ते म्हणाले.

हो. एवढंच.

दुपारी १२.१५ ते २.१०

कच्ची वही नसताना डेटाबेस उघडायचा एक शेवटचा मार्ग असतो. त्याला आणीबाणीच्या अवस्थेत टाकायचं आणि दुरुस्तीचा असा हुकूम द्यायचा, ज्याच्या नावातच लिहिलंय की माहिती गेली तर चालेल. तो नवा कोरा लॉग बनवतो आणि विसंगत दिसेल ते कापून टाकतो. मंगळवारच्या बॅकअपवर परत जाणं किंवा हे, एवढेच पर्याय होते. मी तो हुकूम प्रतीवर चालवला, मूळ फाइलवर नाही. आणि वाट बघत बसले.

अशा वेळी डोकं दुसरीकडे न्यावं लागतं. मी मुलाला टोयोटाची गोष्ट सांगितली. २९ ऑगस्ट २०२३ ला जपानमधले त्यांचे चौदाच्या चौदा कारखाने, अठ्ठावीस असेंब्ली लाइन, बंद पडले. लोकांना सायबर हल्ला वाटला. हल्ला नव्हता. सुट्या भागांच्या ऑर्डर हाताळणारे सर्व्हर बंद पडले होते. २७ तारखेला नेहमीच्या देखभालीत डेटाबेसमध्ये साठलेली माहिती पुसून नीट लावत असताना डिस्कची जागा कमी पडली. साफसफाईलाही जागा लागते; घर आवरायला काढलं की आधी पसारा वाढतो, तसं. त्यांच्याकडे राखीव सर्व्हरही होते, पण ते त्याच व्यवस्थेवर चालणारे, म्हणून तिथेही तेच झालं आणि काम तिकडे वळवता आलं नाही. शेवटी माहिती जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर हलवली तेव्हा सुटका झाली. दुसऱ्या दिवशी कारखाने सुरू झाले.

“त्यांनी हलवली,” मुलगा म्हणाला.

मग त्याला मंगळावरच्या स्पिरिट या गाडीचीही गोष्ट सांगितली. २१ जानेवारी २००४, मंगळावरचा अठरावा दिवस. गाडी बोलेनाशी झाली. तिच्या फ्लॅश मेमरीत फाइलींची गर्दी एवढी झाली होती की चालू होताना त्यांची यादी करतानाच तिची मेमरी संपायची आणि ती पुन्हा रीस्टार्ट व्हायची. साठाहून जास्त वेळा. पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या लोकांनी तिला सांगितलं, फ्लॅशकडे बघूच नको, तशीच जागी हो. ती झाली. मग नको त्या फाइली पुसल्या, मेमरी स्वच्छ करून दिली, आणि गाडी २०१० पर्यंत बोलत राहिली.

“तिथे कोण गेलं होतं?”

“कुणी नाही. इथूनच सांगितलं.”

“फोनवर?” तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही गप्प झालो.

मला तेव्हा तो फरक लख्ख दिसला. मंगळाच्या वाटेत आवाज तुटतोच, हे त्या लोकांनी गृहीत धरलेलं असतं. मी कळव्याच्या पुढे आवाज तुटणार हे गृहीत धरलं नव्हतं, आणि गेली कितीतरी वर्षं त्याच मार्गाने ये-जा करते.

दुपारी २.१०

डेटाबेस उघडला. शिपाई मावशींनी चहा आणला तो कुणी प्यायला नाही. नाशिकच्या गिऱ्हाइकाची गाडी दीड वाजता रिकामी परत गेली होती. महिन्याचा तो सर्वांत मोठा माल होता.

काय गेलं ते शोधायला संध्याकाळ लागली. सकाळी सातनंतरच्या बहुतेक नोंदी नव्हत्या, कारण त्या कच्च्या वहीतच होत्या. बुधवारच्या दोन बिलांच्या ओळी अर्धवट होत्या. तीन बिलांना आयआरएन मिळालेला होता, त्यांची नोंद सरकारी पोर्टलवर सापडली. आवक मालाचं काही सापडेना.

मधल्या वेळात मी डेटाबेस डीवर नेऊन बसवला, लॉगचा बॅकअप अर्ध्या अर्ध्या तासाने लावला, रोजचा बॅकअप सरळ डीवर आणि तिथून बाहेरच्या डिस्कवर. इशाऱ्याची ईमेल आता माझ्याकडे येते, आणि मुलाकडेही. शिवाय सी ड्राइव्हवर २ जीबीची एक पोकळ फाइल ठेवून दिली. तिच्यात काहीच नाही. तिचं नाव मराठीत आहे : ‘अडचणीत ही आधी पुसा’. अकराही सर्व्हरवर आता ती आहे. विंडोजच्या विनएसएक्सएस आणि इन्स्टॉलर या फोल्डरांना हाताने शिवायचं नाही, हे कागदावर लिहून पार्टिशनला चिकटवलं, कारण आकार बघून पुढचा माणूस तिथे नक्की जाणार. त्या फोल्डरांतली एक फाइल गेली तरी पुढची अपडेटं अडू शकतात. फोनवर मी आता ‘काढ’ हा शब्द उच्चारत नाही.

रात्री ९.१५

शेवटच्या नोंदी गेटवर सापडल्या. तिथले मामा प्रत्येक गाडीची नोंद जाड रजिस्टरात करतात. निळी शाई, उभी ओढलेली अक्षरं. संगणक आल्यापासून ते रजिस्टर बंद करा असं दोनदा ठरलं होतं. मामांनी ते बंद केलं नाही.

ते चष्मा पुसून वाचत होते आणि मुलगा टाइप करत होता. सात वाजून पाच मिनिटं, एमएच ०५ ची गाडी, बाहेर, बावीस खोकी. सात अठरा, आत, पितळेच्या कांड्या, वजनाची पावती मागे टाचलेली. सात बेचाळीस, आत. सात छप्पन्न, बाहेर.

“पुढे?” मुलाने विचारलं.

“पुढे आठ वाजून दहा मिनिटं,” मामा म्हणाले. “गाडी उभी. बिल नाही.”